तिसरा ठोका

"दहा मिनिटांचं काम आहे," बायको म्हणाली. "गॅस पेटवायचा नाही, तेल नाही, साखर नाही. केळं, खजूर, ओट्स आणि पीनट बटर. कालवायचं, गोळे करायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे. मोबाइलमधली बाई तर सगळा वेळ स्वतःच्या केसांशीच खेळत होती, तरी तिचं झालं."

"मग तूच कर की."

"मी आईबाबांना आणायला निघालेय. बाबांना थांबवून ठेवलेलं चालत नाही, माहितीये ना? आणि हाताचं काम तुमच्याइतकं कोणाला जमतं का?"

हे शेवटचं वाक्य तिने चपला घालता घालता सोडलं आणि दार ओढून घेतलं. नवऱ्याला कामाला कसं जुंपायचं, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. एरवी तो घरात नवराच होता, पण आजचा दिवस जावई म्हणून निभावून नेण्याचा होता, म्हणून आपणही त्याला जावईच म्हणू.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवत, आणि घराच्या मागच्या खोलीत बसून तो त्या ठशांवरून दात घडवायचा. शहरातली कितीतरी माणसं त्याच्या हातचं हसू तोंडात घेऊन हिंडत होती, पण त्याला ओळखत कोणीच नव्हतं. लोक आभार मानायचे ते दंतवैद्याचे. त्याचंही त्याला फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते एकाच माणसाचं, आणि तो माणूस म्हणजे त्याचे सासरे.

सासऱ्यांचं आयुष्य लिलाव पुकारण्यात गेलं होतं. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, जप्तीतल्या मोटारी, सगळं त्यांनी "एक वार, दोन वार, तीन वार" करून विकलं. निवृत्त झाले, हातोडी कपाटात गेली, पण सवय गेली नाही. घरात पडदे आले, पसंत पडले की टेबलावर बोटाच्या पेराने तीन ठोके. भाजी झकास झाली, तीन ठोके. नातीचं नाव ठरलं, तेव्हाही तीन ठोके. तिसरा ठोका पडला की विषय संपला, मग त्यावर घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही.

फक्त जावयाच्या बाबतीत हिशेब अर्धवट राहिला होता. लग्न ठरवायच्या बैठकीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" कवळ्या बनवतो म्हटल्यावर त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं, टेबलावर दोन ठोके मारले आणि म्हणाले, "तिसऱ्याचं बघू पुढे." सगळे हसले. जावईही हसला. पण त्यानंतर लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, तरी त्या तिसऱ्या ठोक्याचं नाव निघालं नाही. दर वेळी सासऱ्यांचं बोट टेबलाकडे गेलं की जावयाच्या छातीत उगीचच धडधडायचं.

आणि आता योग जुळून आला होता. सासऱ्यांची जुनी कवळी बोलताना टाइपरायटरसारखी वाजायला लागली होती. तिच्या जागी जावयाने स्वतःच्या हाताने नवी करून दिली होती. दाताचा रंग त्यांच्या वयाला शोभेलसा किंचित पिवळट ठेवला, समोरचा एक दात मुद्दाम जरासा तिरका बसवला, कारण तरुणपणीच्या फोटोत तो तसाच होता. आज संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत सासरे अध्यक्षीय भाषण करणार होते. कवळीची ती पहिली जाहीर परीक्षा होती.

"कवळी भाषणात टिकली, तर तुमचं नाव मी स्वतः सभेत सांगीन, जावईबापू," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. "आणि निसटली तर तेही सांगीन."

प्रश्न होता तो भाषणाआधीच्या खाण्याचा. उपाशीपोटी त्यांचा आवाज लागत नसे. तेलकट आणि गोड डॉक्टरांनी बंद केलेलं. कडक काही नव्या कवळीला नको. उरलं काय, तर मोबाइलमधल्या बाईचे गोळे.

जावयाने हात धुतले, बाह्या सरसावल्या आणि केळी, खजूर मिक्सरमध्ये टाकले. पाकिटावर "बिया काढलेला खजूर" असं ठळक लिहिलं होतं. ते एका खजुराला सोडून बाकी सगळ्यांच्या बाबतीत खरं होतं. मिक्सरने एकदा घर्र केलं, एकदा कण्हल्यासारखा आवाज काढला, जळका वास सोडला आणि मान टाकली.

दुसरा कोणी असता तर त्याने काटा घेऊन केळं कुस्करलं असतं. पण जावयाला आठवलं, की मागच्या खोलीत आपलं कालवायचं यंत्र आहे. कवळीच्या कामात प्लास्टर कालवायला ते लागे. कालवता कालवता ते भांड्यातली हवा ओढून घ्यायचं, कारण मिश्रणात बुडबुडा राहिला की साच्याला भोक पडतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्या यंत्राचं एक भांडं अजून कोरं, खोक्यातच होतं. त्याने ते दोनदा गरम पाण्याने धुतलं, पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि मिक्सरमधलं केळं-खजूर बी वेचून, आणि अख्खी बाटली पीनट बटर त्यात ओतलं.

ओट्सच्या डब्याशी मात्र त्याचा हात थांबला. ओट्स म्हणजे कण. कवळीखाली एक कण गेला तरी हिरडीला टोचतो, माणूस बोलताना तोंड वाकडं करतो. त्याने ओट्स रद्द केले.

यंत्र फिरलं. थांबलं तेव्हा भांड्यात जे होतं ते पाहून जावयाचं मन भरून आलं. एक बुडबुडा नाही, एक गुठळी नाही, नुसतं तुकतुकीत. इतकं सुरेख मिश्रण त्याने प्लास्टरचंही कधी पाहिलं नव्हतं. त्याने सगळे गोळे वजनकाट्यावर तोलून एकसारखे केले आणि फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवून दिले. दहा मिनिटांच्या कामात दुपार गेली होती, पण काम कसं झालं होतं!

बायको परतली ती थेट स्वयंपाकघरात. तिने एक गोळा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"म्म. छान झालंय. ओट्स कुठेत?"

"गाळले. कवळीखाली जातात."

"अहो, ओट्सनेच तर ते मोकळं होतं. हे..." ती पुढे काही बोलणार होती, पण तिची जीभ टाळ्याला चिकटून बसली. ती हाताने पाण्याचा पेला मागू लागली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "जरा घट्ट आहे. बाबांना बारीक तुकडे करून देते." आणि विषय तिथेच राहिला. पुढे जे झालं त्याची सूचना याहून स्पष्ट कोणी द्यायला हवी होती?

सासरे कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले. मागून सासूबाई आल्या. सासूबाई कमी बोलत. संसारात दोघांच्या वाट्याचं बोलणं एकाने उचललं की दुसऱ्याला काही उरत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

"जावईबापू, बघा," म्हणून सासऱ्यांनी मोठा आ केला. जावयाने वाकून पाहिलं. वरची कवळी टाळ्याला घट्ट बसलेली, खालचीही जागच्या जागी.

"झकास बसलीय, बाबा."

"ते सभेत कळेल," सासरे म्हणाले आणि बशी ओढली. लेकीने केलेले बारीक तुकडे त्यांनी चमच्याने एकेक करून संपवले. चव आवडली. बोटही टेबलाकडे गेलं, पण जावई समोर उभा असल्याचं पाहून ते वाटेतूनच परतलं. "दोन डब्यात द्या. बोलायला उठण्याआधी तोंडात काहीतरी लागतं मला. लिलावाच्या दिवसांतली सवय आहे."

डब्यात दोन गोळे गेले. अख्खे. फ्रीजमधून काढलेले, थंडगार. ते कोणी दिले यावर त्या घरात पुढे बराच वाद झाला, पण देणारी व्यक्ती शेवटपर्यंत सापडली नाही.

मंडळाचा हॉल भरला होता. सासऱ्यांच्या भाषणाच्या दिवशी हॉल भरायचाच, कारण सभेनंतर चहा असे आणि भाषण संपल्याशिवाय तो मिळत नसे. काही अनुभवी मंडळी मानेमागे ठेवायच्या उश्या घेऊनच आली होती. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: बागेतल्या बाकांना हिरवा रंग द्यायचा की तपकिरी. हा विषय किती सभा चालला होता ते कोणालाच सांगता आलं नसतं. हिरवेवाले डावीकडे बसत, तपकिरीवाले उजवीकडे, आणि दर वेळी अध्यक्ष दोन्ही रंगांच्या इतिहासावर इतकं बोलत की मतदानाची वेळच येत नसे. तोवर बाकांचा आधीचा रंगही उडून गेला होता.

जावई दुसऱ्या रांगेत बायको आणि सासूबाईंच्या मधे बसला. चिटणीसबाई प्रास्ताविक करायला उठल्या. इकडे व्यासपीठावर सासऱ्यांनी हळूच डबा उघडला, एक गोळा तोंडात टाकला आणि, लिलावाच्या दिवसांतल्या सवयीने, कचकन चावला.

जावयाने तो क्षण डोळ्यांनी पाहिला. सासऱ्यांचा जबडा मिटला. मग तो उघडायला हवा होता, तो उघडला नाही. गालाच्या आत काहीतरी ओढाताण झाली. कपाळावरची शीर वर आली. डोळे आधी बारीक झाले आणि मग मोठे मोठे होत गेले.

धंद्यातल्या माणसाला समजायला वेळ लागत नाही. थंड, घट्ट, बुडबुडा नसलेलं मिश्रण दोन कवळ्यांच्या मधे दाबलं की काय होतं, हे जावयाइतकं त्या हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. रोज तो तेच करायचा.

"बाबांच्या कवळ्या चिकटल्या," तो बायकोच्या कानात म्हणाला.

"कशाला?"

"एकमेकींना."

"मग सोडवा!"

"व्यासपीठावर जाऊन? आता जोर लावून तोंड उघडलं तर दोन्ही हातात हात घालून बाहेर पडतील. गरम पाणी हवं. गरम पाण्याने सुटेल."

"आणि आता माननीय अध्यक्ष," चिटणीसबाई म्हणाल्या.

सासरे उठले. सदरा सारखा केला. माइक जवळ घेतला. आणि सभेकडे बघत उभे राहिले.

हॉल वाट पाहू लागला. त्यांची भाषणं नेहमी "मित्रहो" या शब्दाने सुरू होत, आणि तो शब्द अजून आला नव्हता. खोकणारे खोकायचे थांबले. एक उशी मानेमागून सरकून खाली पडली, ती कोणी उचलली नाही. सासऱ्यांची नजर डावीकडून उजवीकडे फिरली. खरं तर ते पाणी शोधत होते, पण प्रत्येकाला वाटलं, ती नजर आपल्यावरच येऊन थांबली.

"आज काहीतरी वेगळंच दिसतंय," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"चिडलेत. नक्की चिडलेत. आपण भांडतो ना रंगावरून."

जावई वाकून वाकून मागे चहाच्या टेबलाकडे पळाला. थर्मासमधून पेलाभर गरम पाणी घेतलं आणि मधल्या वाटेने पुढे निघाला, पण एका आजींची आधाराची काठी वाटेत आडवी होती. "पुढे द्या, अध्यक्षांना द्या," म्हणत त्याने पेला पुढच्याच्या हाती दिला. पेला एका हातातून दुसऱ्या हातात जात पहिल्या रांगेपर्यंत सुखरूप पोचला. तिथे बसलेल्या सद्गृहस्थांनी, "अरे वा, आठवण ठेवलीत," म्हणून खिशातली गोळी काढली आणि त्या पाण्याबरोबर घेऊन टाकली.

व्यासपीठावर सासऱ्यांनी हे पाहिलं. त्यांनी तोंडातून शब्द काढायचा प्रयत्न केला, तेव्हा माइकमधून फक्त "म्म" असा खोल, गंभीर हुंकार आला. हॉल शहारला.

चिटणीसबाई हुशार होत्या. अध्यक्ष शब्द वाया घालवायला तयार नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि स्वतःच विषय हातात घेतला. "अध्यक्षांच्या मनात काय आहे, ते आपण सगळे समजलोय," त्या म्हणाल्या. "बस झालं आता. अध्यक्षमहाराज, तपकिरी?"

सासरे तेवढ्यात दुसऱ्या पेल्यासाठी जावयाकडे बघत होते. त्यांची मानही हलली नाही.

"मग हिरवा?"

पाणी कोणी आणत नाही म्हटल्यावर सासऱ्यांचा संयम संपला. पाण्यासाठी त्यांनी टेबल ठोकलं, तेही सवयीने. एक. दोन. तीन.

तिसऱ्या ठोक्याचा अर्थ मंडळालाही ठाऊक होता. मग डावी बाजू उभी राहिली, आणि थोडं थांबून उजवीही. टाळ्या अशा पडल्या, की हॉलच्या मागच्या बाजूला चहावाला दचकून जागा झाला. तपकिरीवाल्यांचा पुढारी व्यासपीठावर चढला, सासऱ्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "विरोध संपला. नुसत्या नजरेने संपवलात तुम्ही." सभा इतक्या लवकर संपली, की चहाला अजून उकळीसुद्धा आली नव्हती.

बाहेर पडताना लोक जावयाभोवती जमले. "कवळी तुम्ही केलीत ना? काय बसलीय हो! जरासुद्धा हलली नाही." सासरे शेजारीच उभे होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी जावयाचं नाव सभेत सांगायचं होतं, पण ते नुसते डोळे वटारून बघत राहिले. जावई मनातून खचला. अख्ख्या हॉलला तीन ठोके मिळाले, बाकांना मिळाले, आपल्याला मात्र आजही नाही. आणि आता घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल, ते वेगळंच.

घरी गरम पाण्याच्या चार गुळण्या झाल्या, मागच्या खोलीत जावयाने हलक्या हाताने दोन्ही कवळ्या वेगळ्या केल्या, स्वच्छ केल्या, परत बसवून दिल्या. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले आणि वाट बघू लागले. बायकोने तर बोलणी बसण्याआधीच मान खाली घातली होती.

सासऱ्यांनी घसा साफ केला.

"मित्रहो," ते म्हणाले, "मौनात किती ताकद असते, हे मला आज कळलं."

जावयाने वर पाहिलं.

"चिकटली होती, हे मान्य. पण मला बोलायचंच असतं तर मी बोललो असतो. मी ठरवलं, नाही बोलायचं. आणि बघितलंत? उभं राहून टाळ्या! इतकी वर्षं मी बोलतोय, कधी कोणी उभं राहिलं होतं का? न बोलण्याचं महत्त्व मला आधी कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायला मधे जागा कुठे सापडायची?" सासूबाई म्हणाल्या. तेवढंच.

पण सासऱ्यांनी ऐकलं नव्हतं, कारण ते मौनाचे प्रकार सांगू लागले होते. एक लिलावातलं मौन, त्याचे उपप्रकार तीन. मग संसारातलं मौन. मग सार्वजनिक जीवनातलं. बायकोने जांभई दाबली. भाषण चांगलंच रंगात आलं होतं आणि पुढच्या सभेत ते संपूर्ण होणार, अशी त्यांनी घोषणाही करून टाकली.

सासूबाई उठल्या. फ्रीज उघडला, उरलेल्या गोळ्यांची बशी आणली आणि काहीही न बोलता नवऱ्याच्या उजव्या हाताजवळ ठेवली. जावई "अहो आई" म्हणणार होता, पण त्यांनी त्याच्याकडे एकदा नुसतं पाहिलं.

"आता या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली," सासरे बोलत होते. त्यांचा आवाज जरासा खाली आला. "सभेत जोर लावून पाहिला मी, जावईबापू. वरची टाळ्याला धरून बसली होती, जागची हलली नाही. आणि तो तिरका दात. आज आरशात पाहिला मी तो. तुम्ही फोटो बघून केलात ना? मला वाटलं, कोण बघणार एवढं. खरं सांगायचं तर तुमचं हे काम म्हणजे अगदी..."

आणि बोलता बोलता, सवयीने, त्यांचा हात बशीकडे गेला. गोळा तोंडात गेला. जबडा मिटला.

जावई पुढे झुकून बसला होता. "अगदी काय, बाबा?"

"म्म," सासरे म्हणाले.

"अगदी काय? गरम पाणी आणू?"

सासऱ्यांनी मान हलवली. नको. त्यांनी एकदा सासूबाईंकडे रागाने पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं. मग उजव्या हाताचं बोट दुमडलं, आणि पेराने टेबलावर ठोका मारला.

एकच.

"हे काय, बाबा? एकच?" लेक म्हणाली. "बाकीचे दोन?"

जावई उठला, मुद्दाम सावकाश स्वयंपाकघरात गेला आणि पाणी गरम करायला ठेवताना बाहीने डोळे पुसले.